किडे वजा करून

नाशिककराला रविवारी घरात बसवत नाही. सकाळी गावाबाहेरच्या मळ्यातली मिसळ, दुपारी सोमेश्वर नाहीतर पांडवलेणी. आणि निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात आली, की नांदूर मध्यमेश्वर. मुलांना पक्षी दाखवायचे ही सबब. मोठ्यांना खरं तर धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि जेवून आडवं व्हायला झाडाखाली जागा हवी असते.

तिथे गोदावरी आणि कादवेच्या संगमापाशी इंग्रजांच्या काळात बंधारा बांधला. त्यात गाळ साचत गेला, पाणी उथळ पसरलं, पाणवनस्पती माजल्या आणि परदेशातून पाखरं उतरू लागली. 1986 साली अभयारण्य झालं, पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत राज्यातून पहिला नंबर लागल्याचं 2020 साली जाहीर झालं. सरकारी बांधकामात गाळ साचला आणि त्याचं जगभर कौतुक झालं, असं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही. पण गाळ आला की अळ्या आल्या, अळ्या आल्या की किडे आले, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांना खाणारे पक्षी. आम्हाला हे सगळं मान्य असतं. फक्त त्यातले किडे वजा करून हवे असतात.

या वेळी चापडगावच्या बाजूला पक्षी बघायच्या मनोऱ्याखाली सतरंजी अंथरली, तेवढ्यात चिलटं आली. चिलट चावत नाही. त्याला डोळ्यातलं पाणी, घाम आणि नाकातला शेंबूड हवा असतो, म्हणजे सर्दी झालेलं लहान मूल ही त्याची मेजवानीच. बायकोने निघतानाच दोन्ही पोरांना डास पळवणारं मलम चोपडलं होतं. नळीवर फक्त डासाचं चित्र असल्यामुळे चिलटांनी ते मनावर घेतलं नाही.

"चमचा पक्षी दिसला का गं?" दुर्बीण धरून बसलेल्या धाकटीला मी विचारलं.

"डोळ्यात काहीतरी गेलंय, ते आधी बघा."

मग पदराचं टोक, फुंकर, रडं. तोवर धपाट्यांच्या डब्याला मुंगळ्यांची रांग लागली होती. आईने पिशवीतून उदबत्तीचा पुडा काढला. कुठेही जाताना तिच्याजवळ तो असतो. देऊळ लागलं तर देवाला, नाही लागलं तर अशा प्रसंगाला. चार उदबत्त्या पेटवून तिने आमच्याभोवती अशा काही फिरवल्या, की शेजारच्या सतरंजीवरच्या मंडळींनी कुतूहलाने पाहिलं. त्या धुराने चिलटं हलली नाहीत, थोरल्याला खोकला मात्र लागला.

खोकता खोकता त्यानेच तारेवरचा वेडा राघू शोधला. राघूने चोचीत मधमाशी धरली होती आणि तो तिला तारेवर दाणदाण आपटत होता. नांगी निघेपर्यंत तो असा आपटतो आणि मग गिळतो. "आजी, त्याला बोलाव ना इकडे," थोरला म्हणाला. दिवसभरात कुणी सुचवलेला हा एकच उपाय मला शास्त्रशुद्ध वाटला.

ऊन कललं आणि माझ्या डोक्यावर डासांसारख्या दिसणाऱ्या किड्यांचा थवा घुमू लागला. मी सरकलो की तोही सरके. हेही चावत नाहीत. यांच्या लालभडक अळ्या त्याच गाळात वाढतात. वर घुमतात ते बहुतेक नर. एखादी उंच खूण हेरून, पारावर जमलेल्या उपवर पोरांसारखे ते तिच्यावर घोटाळत मादीची वाट पाहतात. आसपासच्या माणसांत मी सर्वांत उंच, म्हणून माझी निवड. मुलांना एवढं कळल्यावर पक्षी राहिले बाजूला. धाकटी माझ्या खांद्यावर बसली, तिने हात उंच केला आणि थवा वर गेला. मग थोरल्याने काठी आणली.

इतक्यात मागाहून येणारे आमचे साडू आले. सहा फूट दोन इंच. मी धाकटीला खाली उतरवलं, त्यांना प्रेमाने शेजारी उभं केलं आणि हळूच सतरंजीवर बसलो.

"काय हो, इथे फार किडे आहेत," ते म्हणाले.

"असं?" मी उरलेला धपाटा हातात घेतला.