सहा नऊ आणि एक डाग

लखनौला बदली झाली तेव्हा मित्रांनी बजावलं होतं, "तिथे माणसाला नवाबी शौक लागतात, जपून." पतंग, कबुतरं, बटेरांच्या झुंजी अशी यादीच त्यांनी वाचून दाखवली. मला लागला हेडफोनचा. कबुतरबाजाची कबुतरं निदान संध्याकाळी परत येतात. या शौकात जे उडतं ते कायमचं उडतं.

सुरुवात एका हेडफोनने झाली. सेनहायझरचा एचडी 650, 2003 सालापासून जगभरातले कानसेन ज्याची शपथ घेतात तो. त्याचा रोध 300 ओहम, म्हणून मोबाइलवर तो धड वाजेना. मग त्याच्यासाठी अँप्लिफायर आणला. अँप्लिफायर आल्यावर कॉम्प्युटरचा आवाजच मुळात कोता आहे असं लक्षात आलं, म्हणून डॅक आणला. डॅक म्हणजे आकड्यांचा सूर करणारा डबा. लंगोटी उंदरापासून वाचवायला मांजर पाळणाऱ्या आणि मांजरीच्या दुधासाठी गाय आणणाऱ्या त्या साधूची गोष्ट मी लहानपणी हसत हसत ऐकली होती. आता तो साधू मला जवळचा नातेवाईक वाटतो.

यंत्रांपाठोपाठ भाषाही बदलली. आता मी गाणं ऐकत नाही, आवाज तपासतो. तबलजी गायकाच्या उजवीकडे किती हात लांब बसलाय, तानपुऱ्याची तार जरा कोरडी लागतेय का, आणि मुख्य म्हणजे दोन सुरांमधली शांतता पुरेशी काळीभोर आहे का. "भैरवी होती की तोडी?" असं बायकोने विचारलं की मी म्हणतो, "ते बघायचं राहिलं."

पाहुणे आले की आम्ही त्यांना बडा इमामबाडा दाखवतो. 1784 साली दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून असफउद्दौलाने तो बांधायला घेतला. साधारण 50 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असा त्याचा दिवाणखाना आहे, आणि मध्ये एक खांब नाही की तुळई नाही. गाइड एका टोकाला उभा राहून काडी ओढतो किंवा कागदाचा कपटा फाडतो, आणि ते दुसऱ्या टोकाला आपल्या कानाशी झाल्यासारखं ऐकू येतं. मी दर वेळी हरखतो. मागच्या खेपेस बायकोने शांतपणे विचारलं, "अहो, यात वायर कुठली वापरलीय?" लाखोरी विटा आणि चुना, असं उत्तर मला द्यावं लागलं.

वायरीचा उल्लेख सहज आला नव्हता. त्याच आठवड्यात मी हेडफोनसाठी वेगळी वायर मागवली होती. तिचं तांबं म्हणे 99.9999 टक्के शुद्ध. कानसेनांच्या बोलीत 'सहा नऊ'. किंमत साडेअठरा हजार. बायकोला मी अठराशे पन्नास सांगितली. एक शून्यच तर खाल्लं, आणि शून्याला स्वतःची अशी किंमत कुठे असते?

ही शुद्धता कुणाला तरी दाखवायलाच हवी होती, आणि लखनौत मला त्यासाठी योग्य माणूस भेटला होता. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. त्यांतले एक आबा इथल्या चौक भागात असतात. गणपतीत ओळख झाली. उभा जन्म मूस, तेजाब आणि टाकणखार यांच्यात गेलेला माणूस. मी वायर त्यांच्या हातात दिली आणि सहा नऊ सांगितले. आबांनी ती बोटांत फिरवली.

"सोन्याला आमी तीन नऊ काढताना घाम येतो, साहेब. ह्येला सहा? आटवून बघितलं का कुनी?"

"आटवून नाही, ऐकून बघायचं."

"म्हंजे कसोटी तुमचा कान. मग त्या कानाचा कस कुनी काढलाय?"

प्रश्न झोंबला, कारण मी चोपन्न वर्षांचा आहे. माणसाचा कान तरुणपणी 20 हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. पुढे वरचे सूर एकेक करून निवृत्त होतात. माझे बरेचसे सेवेतून गेले आहेत आणि कुकरच्या शिट्ट्या मोजण्याचं काम मी आधीच गमावलेलं आहे.

आबा म्हणाले, सोनार कसोटीवर माहितीच्या सोन्याची रेघ ओढतो, शेजारी दुसऱ्या सोन्याची ओढतो आणि मग बोलतो. तसंच करू. रविवारी ते घरी आले. माझ्या डोळ्यांना पंचा बांधला. बायको कधी जुनी वायर जोडी, कधी नवी. आबा कॅलेंडरच्या मागे खुणा करत होते. दहा फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक वेळी मी ठामपणे निकाल दिला. "ही भरदार." "ही किरटी." एकदाही अडखळलो नाही. पंचा सोडला तेव्हा नव्या वायरीला सहा मतं होती आणि जुनीला चार.

"सहा म्हणजे काही कमी नाही," मी म्हणालो.

"वायरीचं काही सांगू नका," बायको म्हणाली. "मी मध्येच आवाजाचं बटण किंचित पुढे करत होते. कधी हिला, कधी तिला. ज्या वेळी पुढे केलं, दर वेळी तुम्ही त्याच वायरीला भरदार म्हणालात. आमटीत मीठ जरासं वर पडलं की तुम्हाला आमटी चांगली झाली असं वाटतं, तसंच हे."

हे मला पुस्तकी माहीत होतं. जरा मोठा आवाज कानाला जास्त चांगला वाटतो, म्हणून तुलना करताना दोन्ही बाजू डेसिबलच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत सारख्या करून घ्याव्या लागतात. शिवाय हेडफोनच्या 300 ओहमपुढे वीतभर जास्त शुद्ध तांब्याने पडणारा फरक तो केवढा! पण माहिती डोक्यात होती आणि वायर हातात. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना कैसरबागेत भातखंड्यांच्या संगीत विद्यालयासमोर सिग्नल लागला. 1926 साली ते सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव मॅरिस कॉलेज. वाळकेश्वरात जन्मलेल्या या वकिलाने देशभर हिंडून शेकडो बंदिशी ऐकल्या आणि कागदावर उतरवून क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग केले. त्यांनी सहा भाग लिहिले, मी सहा नऊ विकत घेतले. सिग्नल फार वेळ लाल राहिला.

संध्याकाळी आम्ही दोघं आबांच्या दुकानी गेलो. बायकोच्या बांगडीचा टाका निघाला होता. आबांनी काम करता करता मोबाइलवर गाणं लावलं आणि मोबाइल एका रिकाम्या मुशीत उभा केला. मुशीतून बेगम अख्तरचा आवाज घुमून आला. मुशीला काही तबलजी कुठे बसलाय ते सांगता येत नव्हतं. आवाज वर चढला आणि नेमक्या जागी किंचित फाटला. जाणकार या फाटण्याला 'पत्ती' म्हणतात आणि तिच्याचसाठी जीव टाकतात. आबांचा हात थांबला.

"आईकलंत? हितं तांबं पडलं."

"म्हणजे?"

"निव्वळ सोन्याचा डाग घडत न्हाई, साहेब. मऊ पडतं, वाकतं. बावीस क्यारट म्हंजे शंभरात एक्क्यान्नव पूर्णांक सहा. बाकीचं तांबंबिंबं. त्यानं डाग टिकतो. बाई बी बावीस क्यारटच्या व्हत्या."

आमच्या मराठीत दागिन्यालाही डाग म्हणतात आणि खोडीलाही, हे मी इतकी वर्षं बोलत होतो पण ऐकलं नव्हतं. चौकापासून जवळच, ठाकूरगंजच्या पसंदाबागेत, 1974 पासून बेगम अख्तर आईच्या शेजारी झोपल्या आहेत. त्यांच्या गळ्यातला तो डाग पुसून देईल असं यंत्र मी तीन वर्षं धुंडाळत होतो की काय, अशी शंका आली आणि मी गाणं पुन्हा लावायला सांगितलं. या वेळी नुसतं ऐकलं. भैरवीच होती.

मन इतकं हलकं झालं की खिशातली वायर काढून मी आबांपुढे ठेवली. "घाला मुशीत."

आबांनी ती सवयीने आधी काट्यावर टाकली. "तांबं बघा, बावीस-तेवीस ग्राम. आजच्या भावानं वीसेक रुपयं."

बायकोने कपाळाला हात लावला. "म्हणजे अठराशे तीस रुपयांना फसवलं हो तुम्हाला!"

दोन सुरांमधली काळीभोर शांतता म्हणतात ती मला त्या क्षणी, कुठल्याही यंत्राशिवाय, अगदी स्वच्छ ऐकू आली.