बहमन, सन १३५२

आमच्या आजोबांनी ज्वारीसाठी केलेला अर्ज घरात अजून जपून ठेवलाय. वर तारीख आहे माह बहमन, १३५२ फसली. इतिहासाच्या मास्तरांना वाटेल, बहमनी राज्य नुकतंच कुठं स्थापन होतंय तोच बोथच्या एका दुकानदारानं अर्ज ठोकला! पण हा निजामाच्या राज्यातला फसली सन; त्या महिन्यात त्यात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. म्हणजे हा १९४२चा हिवाळा. मार्चमध्ये जपान्यांनी रंगून घेतलं, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, जो तो प्रांत आपलं धान्य धरून बसला आणि महायुद्ध कागदपत्रांसह बोथला येऊन पोचलं.

आजोबांना चार बंड्या ज्वारी पैनगंगेपलीकडच्या अडत्याला पाठवायची होती, एवढंच. पलीकडे वऱ्हाड. १९३६च्या करारानं वऱ्हाडवर मालकी निजामाची, कारभार मात्र इंग्रजांचा. म्हणजे निजामाच्या रयतेनं निजामाच्याच मुलखात ज्वारी नेताना दोन सरकारांची मर्जी सांभाळायची, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर हात जोडायचे आणि हिशेबही दोन प्रकारच्या रुपयांत ठेवायचा. इंग्रजी १०० रुपये म्हणजे निजामाचे हाली ११६ रुपये १० आणे ८ पै. आजोबा म्हणत, "त्या ८ पैंनी मला म्हातारं केलं."

परवान्याचा अर्ज उर्दूत लागे. गोंडांनी पिकवलेली, तेलुगू हमालांनी भरलेली, मोडीत खतावलेली ज्वारी अर्जनवीसानं अशा नजाकतीनं मांडली, की वाचणाऱ्यानं 'वाहवा' म्हणावं आणि ज्वारी विसरावी.

कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "माल गरजेपेक्षा जास्त आहे?"

"जास्त आहे, हुजूर."

"मग इथल्याच रयतेला विका. बाहेर कशाला?"

पुढच्या खेपेला आजोबा शहाणे होऊन गेले. "जास्त नाही, हुजूर."

"मग बाहेर कशाला पाठवता?"

या तर्कापुढे हिटलरनंही हत्यार खाली ठेवलं असतं.

दर शेऱ्यामागे नवा अर्ज, दर अर्जामागे नवी फी. लढाईत बोथमध्ये बरकत आली ती अर्जनवीसाला. त्यानं नवी शेरवानी शिवली. आजोबांनाही वाटलं, ज्वारी फुंकून टाकावी आणि अर्ज लिहायला बसावं.

शेवटी आजीनं डोकं चालवलं. परवाना मालाला लागतो, पाहुण्यांच्या शिध्याला कोण अडवतो? त्या साली आमच्या घराण्याला पैनगंगेपलीकडच्या मुली पाहायचा एकदम नाद लागला. माणसं पाच, शिधा बंडीभर.

नाक्यावरच्या जमादारांनी तिसऱ्यांदा बंडी पाहून विचारलं, "सावकार, अजून जमलं नाही?"

"काय सांगू जमादारसाहेब, मुलगी लाखात एक, पण पत्रिकाच जुळत नाही. पुढच्या सोमवारी दुसरी बघतोय. गाव जरा लांब आहे, शिधा जास्त लागेल."