अजून थोडं आवळ!

जुन्नर-आंबेगावात गर्दी जमवायला दोनच गोष्टी लागतात: बैलगाडा शर्यत, नाहीतर उघडलेलं इंजिन. शर्यतींवर 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि 2021 च्या डिसेंबरात वाट पुन्हा मोकळी झाली. मधली वर्षं ही मंडळी कुठे होती, असं मला कुणी विचारलं तर सांगतो, गॅरेजात होती. नारायणगाव, कळंब, मंचर. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला जिथे म्हणून एखादा क्रँक उघडा पडला, तिथे भोवती माणसं उकिडवी बसलेलीच.

इंजिन उघडण्याचा मुहूर्त आमच्याकडे टोमॅटो काढतो. भाव पडला असेल, तर बिगेंड बेरिंग खडखडून जीव देत असलं तरी "चालतंय की" म्हणत पिकअप बाजारापर्यंत रेटायची. 2023 च्या जुलैसारखा भाव लागला, की त्याच खडखडीने मालकाची झोप उडते. मग ऑइल पॅन उतरतं, बेरिंगचे शेल निघतात, क्रँक लेथवाल्याकडे घासायला जातो, त्या मापाचे अंडरसाइज शेल येतात. इथपर्यंत सगळा कारभार मायक्रोमीटरवर. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून लेथवाल्याशी भांडण होतं. आणि कनेक्टिंग रॉडची टोपी बसवून बोल्ट आवळायची वेळ आली, की मोजमाप संपतं आणि मर्दुमकी सुरू होते.

"आवळ लेका, आवळ! जेवला नाहीस का?" ज्यांचं इंजिन नसतं, ते शेठ हे बोलतात. (आमच्या दोन्ही तालुक्यांत प्रत्येक नावाला शेठ लागतो. सोसायटीचं कर्ज थकलं तरी लागतो.) मग हाताखालचा पोरगा, बारक्या, पान्याच्या दांड्यात पाईप अडकवतो, मिस्तरी ब्लॉकला पाय रोवतो, मानेच्या शिरा फुगतात, बोल्ट 'कुंई' करतो आणि जमाव समाधानाने तंबाखू मळायला घेतो. किती आवळला, असं विचारलं तर उत्तर येतं, "फिट्ट."

याच जुन्नर तालुक्यात नाणेघाट आहे. तिथल्या लेण्यात नागनिका राणीच्या शिलालेखात यज्ञाच्या दक्षिणेत गाई किती दिल्या, घोडे किती, कार्षापण नाणी किती, ते दोन हजार वर्षांपूर्वी आकड्यांत कोरून ठेवलंय. इकडे खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशातली कुजबूज मोजत बसल्यात. या दोन्हींच्या मधे बसून आमचा मिस्तरी "फिट्ट" म्हणतो.

बिचाऱ्या बोल्टची बाजू कुणी मांडत नाही, म्हणून मी मांडतो. बोल्ट ही ताठ दिसणारी स्प्रिंग आहे. आवळला की तो केसभर लांबतो. त्याला पुन्हा आखडायचं असतं, आणि त्या धडपडीनेच टोपी रॉडला चिकटून राहते. पिस्टन वर जाऊन मागे फिरतो तेव्हा तो रॉडला ओढतो, आणि एग्झॉस्टच्या फेरीत तर वरून दाबून धरायला गॅसही नसतो. सगळी ओढ बोल्टांवर. मिनिटाला 1500 फेरे घेणाऱ्या शेतपंपाच्या इंजिनात हा प्रकार तासाला 45 हजार वेळा होतो. बोल्टची पकड या ओढीपेक्षा जास्त असेल तर बोल्टला तिची फारशी झळ लागत नाही. कमी असेल तर टोपी दर खेपेला किंचित उघडते, बोल्ट थकत जातो आणि एक दिवस कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर डोकावतो. आणि पाईप लावून आवळला तर? तर तो इतका लांबतो की आखडायचंच विसरतो. लेंग्याची नाडी सैल राहिली तर लेंगा सुटतो. फार ओढली तर नाडी तुटते आणि लेंगा सुटतोच.

"हाताला कळतं," असं मिस्तरी म्हणतो. हात अनुभवी असतो, मान्य. पण पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण नऊ दशांश जोर बोल्टच्या डोक्याखाली आणि आट्यांत घर्षणातच जिरतो. बोल्ट लांबवायला उरतो जेमतेम एक दशांश. आटे कोरडे, गंजके असले तर हाताला वाटतं झालं घट्ट, आणि बोल्ट लांबलेलाच नसतो. तेच आटे तेलाने माखलेले असले, तर तेवढ्याच जोरात बोल्ट भलता ताणला जातो. म्हणून कंपनीच्या पुस्तकात आकड्याबरोबर तेल लावायचं की नाही, तेही लिहिलेलं असतं. ते पुस्तक गॅरेजात असतं. त्यावर चहाचे ग्लास ठेवतात.

टॉर्क रेंच आणला की जमावाची खरी निराशा होते. ना पाईप, ना शिरा फुगणं. मिस्तरी आकडा लावतो, टप्प्याटप्प्याने दोन्ही बोल्ट आळीपाळीने घेतो, आणि रेंच 'टक' करतो. संपलं. "एवढंच?" जमावातले तात्या विचारतात. "अजून थोडं आवळ, आपल्या समाधानासाठी." हा पाना 1918 मध्ये न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातल्या कॉनराड बार यांनी काढला असं सांगतात, रस्त्याखालच्या पाइपांचे बोल्ट कामगार फार आवळायचे म्हणून. म्हणजे तात्या तिथेही होते.

तात्यांचा दुसरा सल्ला याहून घातक. नव्या शेलची टोकं रॉडच्या घरापेक्षा किंचित वर राहतात. ती मुद्दाम तशी ठेवलेली असतात. टोपी आवळली की शेल दाबून बसावा, जागेवर फिरू नये म्हणून. तात्यांना ती चूक दिसते. "कानस मार, सरळ कर." कानस मारली की शेल पुढे कधीतरी घरातच फिरतो, तेलाचं भोक बंद होतं आणि गाडी भर हंगामात आळेफाट्याला उभी राहते. टोप्यांचंही तसंच. प्रत्येक टोपी आपापल्या रॉडला जोडूनच घासलेली असते, नंबर असतात, तरी बारक्या सगळ्या एका घमेल्यात टाकून डिझेलने धुतो.

नव्या इंजिनांत तर ठरावीक टॉर्कनंतर पुढे अंशात फिरवायचे बोल्ट येतात. ते मुद्दाम ताणाच्या टोकापर्यंत नेतात, म्हणून बहुतेक एकदाच वापरायचे. हे ऐकून मालकाचा चेहरा उतरतो. गाडी घेतल्यावर ओझरला विघ्नहराच्या पायाशी नारळ फोडणारा, जेवणावळ घालणारा माणूस नव्या बोल्टांवर अडून बसतो. "जुन्यांना काय धाड भरलीय? चकचकीत तर आहेत!" विघ्नहरावर माझीही श्रद्धा आहे, पण ताणलेला बोल्ट बदलून घ्या, हे सांगायला तो गॅरेजात येणार नाही.

तेव्हा शेठ, इंजिन बांधताना जरूर बसा, पण पाईप आपल्या बुडाखाली ठेवा. आवळून झालेल्या प्रत्येक बोल्टवर रंगाची खूण करायला लावा. आणि शेवटची खूण होईपर्यंत मिस्तरीला चहा विचारू नका. एक बोल्ट राहून जातो तो बहुतेक चहाच्या वेळीच.