आवक-जावकचे तात्या

ऑफिसात बातमीला दोन रस्ते असतात. एक आवक क्रमांक, टिपणी, शेरा, सही आणि जावक क्रमांक अशी स्टेशनं घेत जातो. दुसरा तात्यांवरून जातो आणि डबे उघडायच्या आत पोचतो.

गिरगावातली जुनी पेढी असो, दादरची बँक असो, नाहीतर परळचं एखादं निमसरकारी कार्यालय, तात्या सगळीकडे असतात. हुद्दा कधी शिपायाचा, कधी आवक-जावक कारकुनाचा. काही ठिकाणी ते ताई असतात. आपले तात्या लालबागचे. वडील गिरणीत साचेवाले, बिऱ्हाड चाळीत. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला बघायला आलेले पाहुणे जिना उतरेपर्यंत त्यांचा होकार-नकार तळमजल्यावर चर्चेला आलेला असायचा, अशा गॅलरीत तात्यांचं शिक्षण झालं. पदव्युत्तर शिक्षण गणपती मंडळात. तिथे ठराव कार्यकारिणीच्या वहीत होतात, आणि निर्णय रात्री मंडपामागे उभ्या उभ्या.

तात्यांच्या तोंडात दोन भाषा आहेत. रजिस्टर उघडं असलं की म्हणतात, ‘‘विषयांकित प्रकरणी सदर नस्ती पुढील कार्यवाहीस्तव वरिष्ठांकडे सादर करण्यात आलेली आहे.’’ रजिस्टर मिटलं की, ‘‘फाइल गेली ओ आत, पण साहेबांचा मूड नाय. सोमवारी विचारा.’’ दोन्ही वाक्यं खरी. पण रजा टाकायची की नाही, हे माणूस दुसऱ्या वाक्यावरून ठरवतो.

साहेबलोकांनाही हे ठाऊक असतं. नाहीतर पाच टेबलं फिरून, प्रत्येक टेबलावर एकेक सही मिळवून आलेल्या टिपणीवर ते ‘कृपया चर्चा करावी’ असा शेरा कशाला मारतील? कागदानेच लिहून द्यायचं की बाबांनो, माझं काम संपलं, आता तोंडाने बोला!

‘गोपनीय’ शिक्क्याचा लिफाफा तात्यांनी जन्मात कधी फोडला नाही. गरजच काय? मजकूर टाइप करणाऱ्याने सांगितलेला असतो, झेरॉक्सवाल्याने दुजोरा दिलेला असतो आणि साहेबांचा मूळ हेतू काय, ते ड्रायव्हरने गाडीत फोनवर ऐकलेलं असतं. एकट्या ड्रायव्हरच्या शब्दावर तात्या बातमी सोडत नाहीत. तेवढी शिस्त हल्ली टीव्हीवरही दिसत नाही.

वाटपाचीही पद्धत आहे. युनियनवाल्याला बातमी आधी, कारण त्याला उशिरा कळली तर अपमान होतो. अकाउंट्सला आकड्यांसकट. मालवणकडच्या टेबलाशी थांबून, ‘‘गाववाल्यांनू, ऑर्डर इली!’’ साताऱ्याकडच्याला, ‘‘पाव्हणं, तुमचं नाव हाय बरं का यादीत.’’ आणि नुकत्याच लागलेल्या पोरीला, ‘‘बाळ, घाबरू नकोस, पहिली बदली सगळ्यांचीच होते.’’ मूळ परिपत्रक सगळ्यांना एकच ओळ सांगतं. त्या ओळीचा आपल्या घरादाराशी काय संबंध, हे तात्या ज्याचं त्याला सांगतात.

ही जागा तात्यांनी निर्माण केलेली नाही. गिरणगावात ती जॉबरची होती. साहेबाचं म्हणणं खात्यात आणि खात्याचं म्हणणं साहेबाकडे पोचायचं ते त्याच्या तोंडून. भरती त्याच्याच हातात, त्यामुळे कामगारांकडून दस्तुरीही त्यालाच. 1931 साली रॉयल कमिशनच्या अहवालाने जॉबरवर ताशेरे ओढले, 1934 च्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला, तरी जॉबर गिरणीतून हलला नाही. नोटीस बोर्डावर लागली तरी तिचा अर्थ कुणाला तरी विचारावाच लागतो. तात्यांच्या हातात भरतीबिरती नाही, म्हणून त्यांची दस्तुरीही माफक आहे. एका बातमीला एक कटिंग.

1953 साली कीथ डेव्हिस नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिलं, की कंपनीतली कुजबुज एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी फारशी जात नाही. मोजकी माणसं ती घाऊक वाटतात, बाकीचे नुसते ऐकून घेतात. तात्यांनी हार्वर्डचं नाव ऐकलेलं नाही. हार्वर्डला मात्र तात्यांचा पत्ता लागलेला दिसतो.

व्हॉट्सॲप आलं तेव्हा वाटलं, तात्या संपले. ऑफिसचा अधिकृत ग्रुप निघाला. त्यात ‘सुप्रभात’ आणि ‘नोंद घ्यावी’ एवढंच येतं. मग साहेब नसलेला दुसरा ग्रुप निघाला. त्यातला एक मजकूर कुणीतरी साहेबांना दाखवला, आणि तेव्हापासून तिथेही फक्त ‘सुप्रभात’ येतं. दुसऱ्या दिवशी तात्यांच्या टेबलाशी गर्दी पूर्ववत. तोंडी बोलण्याचा स्क्रीनशॉट निघत नाही. सही नाही, शिक्का नाही, उद्या अंगाशी आलं तर ‘मी कुठे काय म्हणालो?’ म्हणायची सोय आहे. तात्यांवर लोकांचा विश्वास बसतो तो नेमका यासाठीच. गिरण्यांच्या जागी लोअर परळला काचेचे मनोरे उभे राहिले, तिथेही तेच. वर एचआर ‘मोकळेपणाने बोला’ म्हणून सभा भरवतं, आणि माणसं मोकळेपणाने बोलायला खाली टपरीवर येतात.

शेवटी प्रशासनाने परिपत्रकच काढलं, ‘कर्मचाऱ्यांनी अनधिकृत माहितीवर विश्वास ठेवू नये, अन्यथा नियमानुसार कारवाई करण्यात येईल.’ हे परिपत्रक निघणार असल्याचं तात्यांनी दोन दिवस आधीच सगळ्यांना सांगितलं होतं. ते टेबलोटेबली फिरवून सह्या घ्यायचं कामही अर्थात त्यांच्याकडेच आलं. ‘‘वाचू नका, इथे सही करा. मूळ कारण सांगतो नंतर,’’ असं करत त्यांनी तासाभरात सगळा मजला उरकला.

संध्याकाळी साहेबांनी त्यांना आत बोलावलं.

‘‘परिपत्रक पोचलं सगळ्यांना?’’

‘‘होय साहेब. सर्वांनी वाचून सही केल्याची नोंद आहे.’’

‘‘नोंद राहू द्या हो,’’ साहेब खुर्ची पुढे ओढून म्हणाले. ‘‘लोक काय म्हणतायत?’’

तात्यांनी हातातलं रजिस्टर मिटलं. साहेबांनी बेल दाबून दोन चहा मागवले. कटिंग नव्हे, फुल्ल.