निवृत्त मुख्याध्यापकाने ब्लॉग कसा चालवावा

ज्या लेखनावर दुसऱ्या कुणाची लाल शाई फिरत नाही, त्यास ब्लॉग म्हणतात. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ साली निघाला. १९९९ मध्ये त्याचे डोके उडून ‘ब्लॉग’ उरला. त्याच वर्षी ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली, २००३ मध्ये ती गूगलने घेतली आणि फुकट लिहायची जागा जगभर झाली. त्याआधी नाशिककराचा मजकूर लोकांपुढे येण्याची वाट १९३८ साली निघालेल्या ‘गावकरी’सारख्या वृत्तपत्राच्या टेबलावरून जात असे. चार पाने पाठवावीत, चौदा ओळी छापून याव्यात आणि त्या चौदा ओळीच बऱ्या होत्या हे मनात ठेवून संपादकाला नावे ठेवावीत, अशी रीत होती.

स्थळ म्हणून नाशिकचा गंगापूर रोड या कामास सोयीचा आहे. अशोक स्तंभापासून निघावे तर के.टी.एच.एम. महाविद्यालय लागते, पुढे कुसुमाग्रज स्मारक, आणि धरणाच्या अंगाला गेले की १९८९ साली स्थापन झालेले मुक्त विद्यापीठ. या रस्त्यावर शिक्षण सुटत नाही, त्यामुळे निवृत्त झालेला शिक्षकही सुटत नाही. त्याने सकाळी फिरून यावे आणि चहा व नाश्ता यांच्या मधल्या वेळात लिहायला बसावे. पहिल्या लेखाचा विषय ‘गोदावरी : तेव्हाची आणि आताची’ हाच असतो. तो निवडण्याचे कष्ट घेऊ नयेत.

२७ फेब्रुवारीस मराठी भाषेविषयी चिंता व्यक्त करावी.

टंकलेखनाकडे मात्र नीट लक्ष द्यावे. श्रीलिपी किंवा कृतिदेव या जुन्या फाँटांत इंग्रजी अक्षरांवरच मराठी चेहरे चढवलेले असतात. तो मजकूर तसाच चिकटवला तर पडद्यावर मुंग्यांचे वारूळ उठते, म्हणून आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. ‘र्य’ आणि ‘ऱ्य’ यांचा घोळ टाळावा. दुसऱ्यासाठी नुक्त्याचा ‘ऱ’ घेऊन त्याला हलन्त जोडावा लागतो. ‘सत्काराला जमलेल्या सर्व आचाऱ्यांना वंदन’ असे लिहून बसल्यास आचार्य रुसतात. जेवण चांगले झाले असेल तर ही चूक म्हणता येणार नाही, तो भाग वेगळा. आणखी एक खाचखळगा असा : ब्लॉगरवर शीर्षक देवनागरीत दिले की लेखाचा पत्ता नुसता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा एवढाच बनतो. म्हणून शीर्षक आधी रोमन अक्षरांत देऊन लेख प्रसिद्ध करावा, पत्ता पक्का झाला की मग ते मराठीत करावे. हे कुणी सांगत नाही. शंभर लेख झाल्यावर आपले आपल्याला कळते.

लांबीला मर्यादा नाही, आणि दुखणे तिथेच आहे. ज्याने पस्तीस वर्षे ‘पाल्हाळ टाळा’ असा शेरा मारला, त्याच्या स्वतःच्या लेखात चौथ्या परिच्छेदापर्यंत विषय सुरू होत नाही. हा रोग वृत्तपत्रांतही गेला. आधी ती ब्लॉगला हसत. मग प्रत्येकाने आपल्या संकेतस्थळावर ब्लॉगचा कोपरा काढला, आणि ‘स्टार माझा’ वाहिनीने तर ‘ब्लॉग माझा’ ही स्पर्धाच घेतली. पूर्वी बातमीदार बातमीत दिसत नसे. आता पुराची बातमी ‘मी खिडकीत उभा होतो’ इथून निघते आणि नाशिकचा पूर ज्याच्या अंगावर मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की छातीला, हे शेवटी सापडते. नाशिककराला आधी मारुती हवा असतो, खिडकी नंतर.

लेख चांगला जमला तर तो चोरीस जाईल असे गृहीत धरावे. पद्धत ठरलेली आहे. प्रथम नाव गळते, मग ‘लेखक अज्ञात’ येते, त्यानंतर मजकूर पु. ल. किंवा व. पु. यांच्या नावावर जमा होतो. अखेर एका रविवारी तो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर धाकट्या मेव्हण्याकडून मूळ लेखकालाच येतो, वर ‘भाऊजी, लिहावं तर असं!’ अशी पुरवणी. निदान नाव तरी ठेवावे की नाही माणसाने! अशा वेळी उत्तर देऊ नये. दिलेच तर अंगठा द्यावा.

ब्लॉगचा अध्यापनावरील परिणाम हा या शास्त्राचा खरा गाभा होय. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि गुणांबरोबर प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहिणे आले. चाळीस मुले, आठ विषय, दोन सत्रे, म्हणजे सहाशे चाळीस नोंदी. एवढी विशेषणे माणूस आणणार कुठून? शिक्षकांचे ब्लॉग तिथे धावून आले. तयार नोंदी, परिपाठ, वार्षिक नियोजन सगळे तिथे मिळू लागले. ‘गटकार्यात उत्साहाने भाग घेतो’ हे वाक्य किती मुलांनी न हलता कमावले, याची गणती नाही. हसण्यासारखे आहे खरे. पण एकट्या शिक्षकाच्या शाळेत रात्री नऊला प्रगतिपत्रके भरणाऱ्या माणसाला ही तयार नोंदींची फाइल म्हणजे शेजारून आलेली भाकरी होती.

अशी फाइल चढवताना ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी. या मार्गदर्शनातील सर्वांत महत्त्वाचा नियम हाच, आणि तो अनुभवातून आलेला आहे. गंगापूर रोडवरील एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तिसरीच्या नोंदी घाईत चढवल्या. त्यात ‘शुद्ध’चा ‘शुध्द’ झाला. चूक दिसेपर्यंत फाइल कुठल्या कुठे गेली होती आणि अनोळखी शाळांतल्या वह्यांवर ‘शुध्दलेखनाच्या चुका टाळतो’ असे निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात उतरले होते. त्यांनी सुधारित फाइल टाकली, खाली दिलगिरीचा दीड पानी लेख लिहिला. लेख कुणी उघडला नाही.

गोदावरी, भाषा, बालपण हे सगळे लेख शांत पडून असतात. नोंदींचे पान मात्र दर एप्रिलला जागे होते. त्याखाली प्रतिक्रिया येते : ‘सर खुप छान, चौथीच्या पण टाका ना.’ सर प्रथम ‘खूप’चा दीर्घ ऊ दाखवून देतात. मग चष्मा पुसून चौथीच्या टाकतात.