उजव्या खांद्यातल्या चोरास

चोरखमारा, ता. तिरोडा, जि. गोंदिया

श्रीमान संधिकोश,

गावाच्या नावात चोर आहे म्हणून पाहुणे हसतात. खरा चोर माझ्या उजव्या खांद्यात फुकट राहतो, हे त्यांना कुठं ठाऊक!

तुझा हात मात्र सफाईचा. आधी पाठीमागच्या हुकापर्यंत पोचणं नेलंस, मग वेणी, मग दोरीवर लुगडं टाकणं. धान कापणीला भारा डोक्यावर घ्यायला हात वर जाईना. त्या कुशीवर वळले की झोपही तुझीच. मी उशीला बोल लावला, तांदळाच्या कट्ट्याला लावला; तू गप्प. शेजारच्या काकूंनी तेल चोळून हात हिसकला, तेव्हा मात्र सगळ्या आळीला तुझा पत्ता कळला.

आमच्या गेटातून नागझिऱ्याच्या जंगलात जाणाऱ्यांना वाघ नाही दिसला तरी पंजाचे ठसे दिसतात. तुझा एक्स-रे काढला तर पान कोरं! शेवटी डॉक्टरांनी माझं कोपर अंगाला टेकवून हात बाहेर वळवायला सांगितला. मला वळेना. त्यांनी वळवून पाहिला, तरी वळेना. तिथं सापडलास. नुसता स्नायू दुखावला असता, तर दुसऱ्यानं वळवल्यावर हात बराच वळला असता म्हणे.

‘फ्रोजन शोल्डर’ हे तुझं नाव 1934 साली बोस्टनच्या कॉडमन नावाच्या सर्जननं ठेवलं. गोठलास म्हणे! तेही गोंदियाच्या मे महिन्यात! मुळात सांध्याभोवतीची पातळ पिशवी तू. सुजलास, जाड झालास, आकसलास, एवढाच तुझा पराक्रम.

मग रक्त तपासलं आणि साथीदार सापडला: साखर. मधुमेहवाल्यांकडे तुझं येणं-जाणं जास्त. वय 40 ते 60, त्यात बाई असली की विशेष मर्जी. थायरॉइडशीही तुझी ओळख आहे, असं ऐकते.

सांध्यात स्टिरॉइडचं एक इंजेक्शन झालं. रात्रीची झोप परत आली. साखर मात्र चार दिवस चढली, साथीदारच तो! आता रोज शेकते, वाकून हात लंबकासारखा झुलवते, भिंतीवर बोटं चढवते. भूल देऊन हात सोडवायची किंवा दुर्बिणीतून तुला कापायची पाळी थोड्यांवरच येते. तुझा मुक्काम दीड-दोन वर्षांचा, कधी तीनही. त्यामुळे घाई नाही.

भिंतीवर चुन्याच्या खुणा केल्यात. काल बोट तिसरीला लागलं. चौथी मारून ठेवली आहे.

तुझी घरमालकीण