टाच आधी, मग गोळी

नेमबाजी हा मागासलेला खेळ आहे, याबद्दल आता दुमत उरलेलं नाही. खेळाडू पळत नाही, पडत नाही, पंचाशी हुज्जत घालत नाही. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तो कॅमेऱ्याला दिसणार कसा, आणि दिसला नाही तर मधे जाहिरात घालायची कुठे? हितचिंतकांची झोप उडाली ती यामुळेच.

सुधारणा मात्र झपाट्याने झाल्या. २०१३ पासून अंतिम फेरी शून्यापासून सुरू होऊ लागली. प्राथमिक फेरीतली मेहनत दारातच काढून ठेवायची. टोकियो ऑलिंपिकसाठी पुरुषांचे तीन प्रकार कापून मिश्र सांघिक स्पर्धा आणल्या. कारण रास्त होतं, स्त्री-पुरुष समानतेचं. पण कापलेल्यांत डबल ट्रॅपही गेला. राज्यवर्धन राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला रौप्यपदक जिंकलं ते याच प्रकारात. पॅरिस ऑलिंपिकला तीन पवित्र्यांतून नेम धरायच्या थ्री पोझिशनच्या प्राथमिक फेरीतल्या १२० गोळ्यांच्या ६० झाल्या. हाच वेग राहिला तर आणखी काही ऑलिंपिकनंतर एकच गोळी उरेल, तीही नाणेफेक जिंकणाऱ्यालाच मिळेल.

विनोद करायला जावं तर नियमपुस्तक आधीच पुढे गेलेलं असतं. रायफलवाल्यांचे जाड बूट आणि ताठ पँट यांमुळे ते पेंग्विनसारखे डुलत चालत. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने नियम केला: रेंजवर नीट चालायचं, आधी टाच, मग चवडा. न चालल्यास आधी समज, मग गुण कापणार. अंतिम फेरीत संगीत वाजवण्याची आणि टाळ्यांचीही सोय झाली आहे. म्हणजे ढोल-ताशा पथकाचा प्रस्ताव कुणी पाठवलाच, तर तो हसण्यावारी नेता येणार नाही.

तरी काही सूचना शिल्लक आहेत. प्रत्येक गोळीनंतर तिसऱ्या पंचाकडे दाद मागावी. खेळाडूच्या हृदयाचे ठोके एखाद्या विमा कंपनीने प्रायोजित करावेत. आठ गुण घेणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर उभं राहून कारणं द्यावीत.

एवढ्या रंगरंगोटीनंतर फळ काय? २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत नेमबाजी नव्हती आणि २०२६ च्या ग्लासगोतही तिला जागा नाही. उलट पॅरिसमध्ये साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून उभा राहिलेला तुर्कस्तानचा ५१ वर्षांचा युसुफ डिकेच जगभर गाजला. त्याने काहीही केलं नव्हतं. नुसता स्थिर उभा होता.

त्याच पॅरिसमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांनी कांस्यपदक घेतलं. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वप्निल प्राथमिक फेरीत सातवा होता, म्हणजे शून्यापासूनच्या नियमाने त्याला हात दिला, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. जुन्या पद्धतीत वरच्या सहा जणांची आघाडी आधी भरून काढावी लागली असती.

पण तो अंतिम फेरीपर्यंत पोचला तो संगीताच्या तालावर नव्हे. .२२ रायफलला शस्त्रपरवाना लागतो, तिची काडतुसं महाग, आणि सराव करायचा तर ५० मीटरची रेंज हवी. कांबळवाडीच्या पोराला हे सगळं घरच्या खर्चाने कुठून जमणार? तेव्हा कामाला आली ती राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी आणि पुढे दीपाली देशपांडे यांच्यासारख्या मार्गदर्शक. २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या स्वप्निलला पदक मिळताच विशेष कार्य अधिकारी म्हणून बढतीही मिळाली.

तेव्हा आधुनिकीकरणाच्या पुढच्या बैठकीत चहापानाआधी एवढा विषय घ्यावा: तालुक्याच्या गावात परवडणारी रेंज, तिथे भाड्याने मिळणारी रायफल आणि शिकवणारा माणूस. स्वप्निल २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि पदक आलं २०२४ मध्ये. या पंधरा वर्षांत कामी आला तो कॅमेरा नव्हे.